थांबवलेला व्हिडिओ

सासू आधी आत आली, सून तिच्या मागून. संचारबंदी दुपारपुरती उठली होती आणि पुलावर प्रत्येकाचा पास तपासत होते. दोघींच्या चेहऱ्यावर त्या रांगेचा शीण होता.

"तुम्हीच का त्या वहिनी?" सासूने विचारलं.

"सगळे तसंच म्हणतात. बसा."

खरं तर वहिनी म्हणण्याचा हक्क एकट्या भावोजींचा. ते वहिनींचे धाकटे दीर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. वहिनींच्या प्रत्येक कामात ते बरोबर असत आणि सतत वहिनी, वहिनी करत, म्हणून अशिलांनीही तेच उचललं. वहिनींची हयात सरकारी प्रयोगशाळेत डाग आणि धागे तपासण्यात गेली होती. नवरा गेल्यावर त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली.

सासूचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. मोटारसायकलवर बसलेला एक तरुण, केस वाऱ्यावर.

"यजमान का?"

"हो."

"दादाची लाल मोटारसायकल," भावोजी म्हणाले.

"हिरवी होती."

"लाल होती, वहिनी. मी टाकीवर बसून फिरलोय."

"तुम्ही तेव्हा दूध पीत होतात."

सून किंचित हसली. फोटो काळापांढरा होता, त्यामुळे हा वाद वर्षानुवर्षं तसाच चालू होता.

"हिला उद्या पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत," सासू एकदम म्हणाली. "सून माझी तोंडाळ आहे. घरात एक शब्द ऐकून घेत नाही. पण खोटं बोलत नाही. नाहीतर मी कशाला तिची बाजू घ्यायला आले असते?"

"आई, आधी पाणी तर प्या."

"बघितलंत? हे असं."

वहिनींनी दोघींना पाणी दिलं आणि सुनेकडे वळल्या. "पहिल्यापासून सांगा."

सून 'फळ्या'च्या कार्यालयात कामाला होती. फळा म्हणजे फोनवरची ती जागा, जिथे अर्धं शहर बोलत असे आणि उरलेलं अर्धं वाचत असे. निवडणुकीचा निकाल लांबणीवर पडल्यापासून शहर धुमसत होतं. तेव्हापासून सरकारने आणि कंपनीने आपसात ठरवून टाकलं होतं, की काही विभागांतून येणारी प्रत्येक गोष्ट आधी तपासायची, मगच फळ्यावर दिसू द्यायची.

"माझं काम बघायचं आणि ठरवायचं," सून म्हणाली. "दोन बटणं असतात, सोडा आणि थांबवा. मी पहिली नजर. माझ्याकडून ते दुसऱ्या नजरेकडे जातं, म्हणजे आमच्या काकांकडे. त्यांचा शब्द शेवटचा."

"एक व्हिडिओ कुणाकुणाला उघडता येतो?"

"ज्याच्या वाट्याला आला त्याला, मग काकांना आणि वरच्या मजल्यावर साहेबांना. शेजारच्या खुर्चीवरच्यालाही उघडता येत नाही."

परवा दुपारी कंपनीच्या भागधारकांच्या मंचावर एक संदेश आला होता. गुंतवणूकदारांनी प्रश्न विचारायची आणि कंपनीच्या माणसांनी उत्तरं द्यायची, यासाठीचा तो मंच. सुनेने फोन काढला आणि संदेश वाचून दाखवला.

"'विभाग सातमधल्या एका गल्लीत रक्ताचे पाट वाहत आहेत. गल्लीची पूर्ण रुंदी भरली आहे. पोलीस त्यातून चालत आहेत. एक बाई चपला हातात घेऊन उभी आहे. लोकांची तोंडं उघडी आहेत, पण कुणाच्या तोंडून आवाज फुटत नाही. याचा व्हिडिओ कंपनीकडे आहे आणि तिने तो थांबवला आहे.'"

पुढचं वहिनींना माहीत होतं, साऱ्या शहरालाच माहीत होतं. गुंतवणूकदारांनी पैसे काढून घेतले आणि बाजार कोसळला. बातमी तोंडोतोंडी पसरली. संध्याकाळी जमावाने बस आगार पेटवलं आणि त्यात एक चालक मेला. सरकार म्हणालं, विभाग सातमध्ये काहीही घडलेलं नाही. सरकार रोजच तसं म्हणत असल्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. विभाग सातला पोलिसांचा वेढा होता, तिथले फोन त्याच दुपारी बंद केलेले.

"संदेश तुमच्या यंत्रावरून गेला?"

"हो. माझ्या नावाने. मी तेव्हा विश्रांतीच्या खोलीत होते. मधूनमधून तिथे जाऊन बसावंच लागतं आम्हाला. यंत्र उघडंच ठेवून जातो. परत सगळं सुरू करत बसलं की रांग तुंबते."

"आणि व्हिडिओ?"

"नोंद म्हणते मी तो पाहिला आणि सोडला. पाहिला असेन. विभाग सातचे त्या दिवशी खूप आले. पण मी रक्त पाहिलं नाही हो. धक्काबुक्की होती, पळापळ, कुणाचं काहीतरी सांडलेलं, पोलिसांशी हुज्जत. रक्त असतं तर लक्षात राहिलं असतं. राहतंच ते."

"साहेबांना हे सांगितलंत?"

"ते म्हणाले, रक्ताचा व्हिडिओ सोडलास यातच तुझा हेतू दिसतो. काकांनी थांबवला म्हणून चिडून तू संदेश पाठवलास."

"विश्रांतीहून परत आलात तेव्हा टेबलावर काही बदललेलं होतं?"

"नाही." ती थबकली. "पडदा करडा झाला होता, एवढंच."

"म्हणजे?"

"मजल्यावर सगळ्यांचे पडदे काळेपांढरे असतात आणि आवाज बंद. दिवसभर मारामाऱ्या बघायच्या, तर मनावर कमी परिणाम होतो म्हणे. कंपनीचाच नियम आहे. खुर्चीत बसलं की आधी ती कळ दाबायची, सगळ्यांचा हात आपोआप जातो तिकडे. मी नाही दाबत. अर्धवट बघून निकाल कसा द्यायचा? साहेब त्यावरून मला फाडफाड बोलले होते. काकांनी सांभाळून घेतलं. तर त्या दिवशी परत आले आणि पडदा करडा. म्हटलं, माझाच हात लागला असेल."

"काका सांभाळून घेतात एकंदरीत."

"बापासारखे आहेत. महिनाअखेर मी नोकरी सोडणार आहे, हेही फक्त त्यांनाच सांगितलं होतं."

"मला नव्हतं सांगितलं," सासू म्हणाली.

*

कालव्यावरच्या पुलावर रांग हलत नव्हती. भावोजींनी कठड्यावर कोपरं टेकली.

"विभाग सात कुठे येतो हो?" त्यांनी पास तपासणाऱ्या जवानाला विचारलं.

जवानाने कालव्याच्या वरच्या अंगाला हात केला. "तिकडे. भांडीवाले, रंगारी, कातडीवाले. जायला बंदी आहे. बायकोची बहीण राहते तिथे माझ्या. जिवंत आहे की नाही तेसुद्धा कळायला मार्ग नाही."

तो हे हवापाण्याविषयी बोलावं तसं बोलला. शहरात आता सगळेच असं बोलत.

वहिनी कठड्यावरून खाली बघत होत्या. पाणी नेहमीसारखं गढूळ होतं, पण त्याच्या जरा वर दगडी भिंतीवर हिरवी रेघ उमटलेली होती.

"शेवाळ," भावोजी म्हणाले.

"भिंतीवर कोरडं शेवाळ, तेही आखल्यासारखं सरळ?"

"वहिनी, रांग पुढे गेली."

वहिनी मात्र पुलाच्या कडेच्या पायऱ्या उतरल्या, रुमालाचं टोक ओलं करून त्या रेघेवर घासलं आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. जवानाने त्यांना हटकलंसुद्धा नाही. त्याचे डोळे मिटत आले होते.

*

फळ्याच्या इमारतीत शिरताच समोर मोठा फलक होता, त्यावर समभागांचे भाव. सगळे आकडे लाल होते.

साहेब आपल्या खोलीत व्हिडिओ बघत बसले होते. पिवळा कोट घातलेला कुणीतरी मंत्र्याची नक्कल करत होता, त्याचा आवाज खोलीभर घुमत होता.

"चांगला करतो," साहेब आवाज बंद करत म्हणाले. "पुसावा लागेल."

"तुम्ही ठरवता का काय पुसायचं ते?"

"मी कोण ठरवणारा? मुख्यालय ठरवतं. आणि मुख्यालयाला विचारावं तर तिथे कायम रात्र असते." त्यांनी डोळे चोळले. "बाई, आत्तापर्यंत मला दोन्हीकडून शिव्या बसल्यात. पुसलं की लोक म्हणतात सरकारचे चमचे. ठेवलं की सरकार म्हणतं देशद्रोही. त्या मुलीचं मला वाईट वाटतं. पण तिच्या खुर्चीवरून गेलाय तो संदेश."

"व्हिडिओ तुम्ही पाहिलात?"

"कशाला? दुसऱ्या नजरेचा शेरा होता: रक्तपात, थांबवला. मला तेवढं पुरे. मला दुपारी जेवण जायला हवं."

"आता दाखवाल?"

"तो पुरावा आहे. मुख्यालयाच्या परवानगीशिवाय उघडायचा नाही असा आदेश आलाय."

दार ढकलून एक उंच बाई आत आली. गुंतवणूकदारांना सांभाळणं हे तिचं काम. खालच्या मजल्यावर तिला भांडवलबाई म्हणत आणि तिला ते माहीत होतं.

"वहिनींना मीच आत घेतलंय," ती साहेबांना म्हणाली. "बाहेरच्या माणसाने चौकशी केली असं सांगता आलं, तर आमच्या लोकांना बरं वाटेल."

"तुमचे लोक दंगलीला एवढे घाबरतात?" भावोजींनी विचारलं.

"दंगलीला कोण घाबरतं? होते आणि मिटते. आपल्याला न कळता काहीतरी घडतंय, याला घाबरतात ते. उद्या दुपारच्या बैठकीत मला त्यांना एक नाव द्यायचंय. नाव मिळालं की शांत होतील."

"ते खरं असायला हवं?"

"असलं तर उत्तम," भांडवलबाई म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, फक्त झोप अपुरी होती.

"परवा दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मजल्यावर. काकांकडून दिवसाचा गोषवारा न्यायला आले होते. काका जागेवर नव्हते, मग थोडी थांबले आणि वर गेले."

भावोजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली. वहिनींनी ती घेतली नाही.

खालचा मजला शांत होता. रांगेने माणसं बसलेली, प्रत्येकापुढे करडा पडदा, त्यावर करडी माणसं पळत होती, पडत होती, ओरडत होती, आणि खोलीत आवाज होता तो फक्त कळा दाबल्याचा.

काका जाड चष्म्याचे, पाठीत वाकलेले गृहस्थ होते. पूर्वी ते वर्तमानपत्रात होते. ते बंद पडलं, मग इथे आले.

"पूर्वी बातम्या लावायचो, आता थांबवतो," ते म्हणाले. "चष्मा तोच आहे."

"त्या व्हिडिओत काय होतं?"

"रक्त." काकांनी चष्मा काढून पुसला. "गल्लीभर. आणि माणसं उभी होती, गप्प. ते गप्प उभं राहणं मला विसरता येत नाही."

"आणि तुम्ही तो थांबवलात."

"नियम आहे. रक्त दिसलं की थांबवा." ते जरा थांबून म्हणाले, "ती पोरगी निर्दोष आहे, हे लिहून घ्या. तिने तो सोडला. खरं विचाराल तर सोडायलाच हवा होता. तिच्यात ती धमक आहे, माझ्यात नव्हती."

"तिची जागा दाखवता?"

तिचं यंत्र बंद होतं. काकांनी ते सुरू केलं. कंपनीचं निळं बोधचिन्ह पडद्यावर आलं. बोलता बोलता काका खुर्चीत टेकले, डावा हात कळफलकाच्या कडेला एकदा लागला, आणि निळं बोधचिन्ह करडं झालं.

"पोरगी व्यवस्थित आहे," काका सांगत होते, "खण बघा, एक कागद इकडचा तिकडे नाही."

वहिनींनी खण पाहिला नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, "हा पडदा पुन्हा रंगीत करून दाखवता?"

साहेब वाकले. एक कळ दाबली, दुसरी दाबली. यंत्राने टुंग असा आवाज केला.

"बिघडलाय बहुतेक," भांडवलबाई मागून म्हणाली.

"आम्ही कुठे इथे बसतो," साहेब सरळ होत म्हणाले. "काका, तुम्ही बघा जरा."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

*

"भांडवलबाई," परतताना भावोजींनी निकाल दिला. "मजल्यावर होती, स्वतःच कबूल केलं. बाजार पडणार हे आधी कळलं तर काय काय करता येतं, हे मी विमा कंपनीत पाहिलंय."

"व्हिडिओ तिला उघडता येत नाही, भावोजी."

"मग साहेब."

"साहेबांनी स्वतःची कंपनी बुडवली?"

"मग उरतं कोण? काकांनी तर तो दाबला. दाबणारा माणूस ओरडून कशाला सांगेल? म्हणजे परत ती सूनच." भावोजी हिरमुसले. "मला ती आवडली होती."

वहिनींनी चालता चालता भांडवलबाईला फोन लावला. "व्हिडिओ उद्या बैठकीआधी माझ्यासमोर उघडा. नाही उघडलात, तर बैठकीत मी एवढंच सांगेन, की मला पुरावा दाखवला नाही."

ते घरी पोचायच्या आत परवानगी आली होती.

"मुख्यालयात रात्र होती ना?" भावोजी म्हणाले.

"गुंतवणूकदारांचं नाव काढल्यावर उजाडलं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीआधी सगळे मजल्यावर जमले. साहेब, भांडवलबाई, काका, आणि सुनेला न्यायला आलेले फौजदार. आगाराची आग लागल्यापासून ते घरी गेलेले दिसत नव्हते, गणवेशाला अजून धुराचा वास होता. सून सासूच्या शेजारी बसली होती. सासूने तिचा हात धरलेला होता आणि तो धरलाय हे कुणाला दिसू नये म्हणून वर पर्स ठेवली होती.

"लवकर आटपा," फौजदार म्हणाले.

"आटपते," वहिनी म्हणाल्या. "संदेश पाठवणाऱ्याविषयी दोन गोष्टी नक्की आहेत. एक, त्याने व्हिडिओ पाहिलेला होता. चपला हातात घेतलेल्या बाईपर्यंत बारकावे आहेत त्यात. आणि व्हिडिओ उघडता येत होता तिघांनाच, सून, काका आणि साहेब."

"मी पाहिलाच नाही," साहेब म्हणाले.

"तेच बघू. दुसरी गोष्ट. सून विश्रांतीहून परत आली तेव्हा तिचा पडदा करडा झालेला होता. ती स्वतः कधीच तो करडा करत नाही, त्यासाठी तिने बोलणीही खाल्लीत. म्हणजे तिच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलं होतं. आणि संदेश लिहायला पडदा करडा करायची गरजच नाही. तो मुद्दाम केलेला नव्हता. हात गेला. या मजल्यावर रोज बसणाऱ्याचा हात बसल्या बसल्या त्या कळेवर जातो, त्याला ते कळतही नाही."

भावोजींनी मान हलवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबवली.

"काल साहेबांना ती कळ सापडली नाही. भांडवलबाईंना पडदा बिघडल्यासारखा वाटला. त्यांचे पडदे रंगीत असतात आणि आवाज चालू. मजल्यावरच्या इतरांचे हात सवयीचे आहेत, पण त्यांना हा व्हिडिओ उघडता येत नव्हता. व्हिडिओ उघडू शकणारा आणि हाताला ती सवय असणारा, असा एकच माणूस आहे."

काकांनी मान वर केली नाही.

"पण वहिनी," भावोजी राहवेना म्हणून म्हणाले, "थांबवला तोही यांनीच ना?"

"हो. आणि म्हणूनच मला आधी व्हिडिओ बघायचाय. काका, लावा."

काका सुनेच्या खुर्चीत बसले आणि यंत्र स्वतःच्या नावाने उघडलं. डावा हात कडेला गेला. या वेळी तो त्यांना स्वतःलाही दिसला, आणि ते हाताकडे बघत राहिले.

पडद्यावर करडी गल्ली आली. दोन्ही बाजूंना बंद दुकानं. गल्लीभर काळपट, चकाकणारा ओघळ पसरत होता. पोलीस त्यातून चालत होते. एक बाई चपला हातात घेऊन उभी होती. माणसांची तोंडं उघडी होती. खोलीत आवाज नव्हता. सासूने डोळे मिटून घेतले.

"देवा," फौजदार हळूच म्हणाले. "आणि आम्ही म्हणत होतो काही झालं नाही."

"आता पहिल्यापासून लावा," वहिनी सुनेला म्हणाल्या, "तुम्ही बघता तसा."

सून पुढे झाली. तिने एक कळ दाबली, मग दुसरी.

गल्ली हिरवी होती.

दाट, गडद हिरवी. उलटलेल्या पिंपांमधून रंग वाहत होता. खोलीत एकदम कलकलाट भरला. एक म्हातारा रंगारी पोलिसांवर खेकसत होता, "लाथा मारायला दुसरं काही मिळालं नाही का रे तुम्हाला? आठवड्याची मेहनत गटारात घातलीत!" चपला हातात घेतलेली बाई त्याला ओरडून सांगत होती, "आधी पोरांना आत घ्या!" एक पोलीस घसरला, बसकण मारून बसला, उठला तेव्हा मागून पोपट झालेला. गल्ली खो खो हसली. पोलीसही हसले. मग व्हिडिओ संपला.

"लाल आणि गडद हिरवा," वहिनी म्हणाल्या, "करड्या पडद्यावर दोन्ही सारखेच काळे. आणि आवाज बंद केला, की ओरडणारी माणसं गप्प उभी दिसतात. 'आवाज फुटत नाही' असं लिहिणाऱ्याने हा व्हिडिओ आवाजाशिवाय पाहिला होता. सून रंगीत बघते, आवाज ऐकते. तिने सांडलेला रंग पाहिला, म्हणून सोडला, आणि म्हणूनच तिला रक्त आठवेना. ती एकटी खरं बोलत होती." त्यांनी पर्समधून रुमाल काढला. टोकाला हिरवा डाग होता. "हे पुलाखालच्या भिंतीवरून घेतलंय. कालवा रंगाऱ्यांच्या वस्तीकडूनच येतो."

काकांचा चष्मा हातात होता. "हिरवा," ते म्हणाले.

"तिने रक्ताचा व्हिडिओ सोडला असं तुम्हाला वाटलं," वहिनी म्हणाल्या.

"वाटलं, पोरीने हिंमत केली. आणि मी थांबवला. रोज थांबवत होतो, त्या दिवशी मात्र माझीच मला लाज वाटली." काका हळूहळू बोलत होते, शब्द तपासून घेतल्यासारखे. "फळ्यावर लिहिलं असतं तर इथेच कुणीतरी पुसलं असतं. कदाचित मीच. भागधारकांच्या मंचावरचं कुणाला पुसता येत नाही. या इमारतीत तेवढ्याच लोकांचं ऐकलं जातं."

"माझ्या खुर्चीवरून का, काका?" सुनेने विचारलं.

"तू सोडून जाणार होतीस. म्हटलं, जाणाऱ्याला काय करतील? फार तर दोन दिवस आधी काढतील. माझं घर या पगारावर आहे." ते थांबले. "नंतर पोलीस आले. रोज ठरवत होतो, उद्या सांगू."

"तुम्ही मला विचारायचं तरी होतंत. मी शेजारच्याच खोलीत बसले होते. काका, नुसतं विचारायचं होतं, काय दिसलं तुला?"

"तो बसचालक मात्र गेला," फौजदार म्हणाले.

भांडवलबाई घड्याळाकडे बघत होती. "बैठकीत हे कसं सांगायचं? अफवा कर्मचाऱ्याची नव्हती, आमच्या पडद्यांची होती, असं?"

"तुम्हाला नाव हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "नाव मिळालं. त्याच्यासोबत हेही येतं."

"मुख्यालयाला विचारून ठरवू," साहेब म्हणाले. "तोपर्यंत हा व्हिडिओ इथल्या इथेच."

काका अजून खुर्चीत होते. व्हिडिओखाली ती दोन बटणं दिसत होती, रंगीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि 'सोडा' दाबलं.

"अहो, काय केलंत हे?" साहेब पुढे धावले.

"काम," काका म्हणाले. "शेवटचा शब्द माझा असतो ना?"

ते उठले, खुर्ची टेबलाला नीट लावली आणि फौजदारांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. फौजदारांनी बेड्या काढल्या नाहीत. दोघं बरोबरच जिना उतरले, पायऱ्या चढउतर करून दमलेल्या दोन माणसांसारखे.

"चल घरी," सासू सुनेला म्हणाली. "आणि नोकरी सोडायचं आधी मला सांगायचं."

"हो, आई."

"हो म्हणाली," सासू वहिनींना म्हणाली. "तुम्ही साक्षीला आहात."

*

पुलावर तीच रांग आणि तोच जवान. या वेळी तो फोनमध्ये बघत होता. रांगेतले बरेच जण बघत होते. घसरलेल्या पोलिसापाशी कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही.

"पाहिलात?" भावोजींनी जवानाला विचारलं. "रंग होता तो. नुसता रंग."

"खोटा आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. खाली लिहिलंय बघा लोकांनी. रक्ताचं नंतर हिरवं केलं. कंपनी काय, काहीही रंगवेल." त्याने फोन खिशात टाकला. "ती चपला घेतलेली बाई मेहुणीसारखी दिसली मला. पण आता कसं सांगायचं, तीही खरी की खोटी?"

भावोजी वहिनींकडे बघत राहिले.

वहिनींनी जवानाच्या बाहीला हात लावला. "जरा कठड्यापाशी या. खाली बघा."

"काय आहे?"

"तुम्हीच सांगा काय दिसतं ते."

जवानाने बंदूक खांद्यामागे सरकवली आणि वाकून बघितलं. रांगेतला एक जण त्याच्या शेजारी आला, मग अजून एक बाई, आणि पास हातात धरून सगळे कठड्यावरून खाली बघू लागले.